सॅटर्नेलिया : दासांचा सण
प्राचीन रोममध्ये १७ डिसेंबर रोजी सॅटर्न या कृषिदेवतेचा उत्सव होई; पुढे तो अनेक दिवस चालू लागला. त्या काळात द्यूताला मुभा असे व दासांना धन्यांच्या पंक्तीचा मान मिळे. धनिकांकडे मध घातलेले द्राक्षमद्य पाहुण्यांना देत. दासांच्या वाट्याला काय येई, हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील केटोच्या शेतीविषयक ग्रंथावरून कळते. द्राक्षांच्या सुगीनंतर तीन महिने त्यांना चोथ्यात पाणी मुरवून केलेले हलके पेय द्यावे, असे तो सांगतो. या व कॉम्पिटेलियाच्या सणाला मात्र माणशी साडेतीन काँजियस, म्हणजे सुमारे ११ लिटर, मद्य अधिक द्यावे. परंतु म्हातारा वा आजारी दास विकून टाकावा, हा सल्लाही त्याच ग्रंथात आहे.