देखभालमुक्त टाउनहोम : शुल्कात काय येते?

प्रश्न : निवृत्तीनंतर फ्लोरिडातील गेटेड गोल्फ वसाहतीत टाउनहोम घेण्याचा विचार आहे. मासिक शुल्क भरले की छपरापासून गोल्फपर्यंत सारे त्यातच येते ना? – एक वाचक, टॅम्पा

उत्तर : तसे गृहीत धरू नये, मात्र त्यासाठी बेत रद्द करण्याचेही कारण नाही. टाउनहोम, म्हणजे शेजारच्या घराशी सामाईक भिंत असलेले, बहुधा दुमजली घर, कायद्याच्या दृष्टीने कधी कॉन्डोमिनियम असते (फ्लोरिडा कायद्याचे प्रकरण ७१८), तर कधी घरमालक संघाच्या अखत्यारीतील स्वतंत्र मालमत्ता (प्रकरण ७२०). पहिल्या प्रकारात इमारतीचा विमा संघ उतरवतो, दुसऱ्यात तो बहुधा मालकालाच उतरवावा लागतो, आणि चक्रीवादळांच्या या राज्यात हा फरक खिशाला चांगलाच जाणवतो. छप्पर कोणी बदलायचे हे जाहिरात नव्हे, तर डिक्लरेशन, म्हणजे वसाहतीचा नोंदणीकृत नियमदस्तऐवज ठरवतो. हिरवळ कापणे सहसा संघाकडे असते, पण घरातले नळ आणि एसी मालकाच्याच माथी येतात. गोल्फचे सदस्यत्व काही वसाहतींत ऐच्छिक, तर काहींत सक्तीचे असते, आणि सक्तीचे असल्यास न खेळणाऱ्यालाही वर्गणी चुकत नाही. म्हणून सहीपूर्वी आपण डिक्लरेशन, राखीव निधीचा हिशेब आणि मोठ्या दुरुस्तीसाठी मालकांकडून वसूल केलेल्या विशेष वर्गणीचा तपशील मागून घ्यावा, आणि विम्याचा दर लेखी मिळाल्याखेरीज इसार देऊ नये.