परवानगी आणि हक्क

विद्यानगरातून उप्पल ओलांडून वरंगळच्या रस्त्याला लागले की लहानमोठ्या खडकाळ टेकड्या दिसू लागतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मित्र त्यांपैकी एकीवर गेलो. पायथ्याशी तारेचे कुंपण होते. एक जण म्हणाला, "टेकडीला कसला आलाय मालक? जाऊ तारेखालून." पण आमचा कानडी मित्र ऐकेना. शेवटी मालकाचे घर शोधले. वृद्ध गृहस्थ म्हणाले, "जाव बाबा, लेकिन अंधेरे से पहले उतर जाव."

अर्ध्या तासात माथा गाठला. एकावर एक तोललेल्या ग्रॅनाइटच्या शिळा, खाली भाताची शेते, दूर मौला अलीचा डोंगर. हा खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्याचा सातबारा मात्र कालपरवाचा!

उतरताना वाद निघाला. "वीस वर्षे येत राहिलो तर ही वाट आपल्या हक्काची होईल," असे एकाचे म्हणणे. घरी येऊन मी कायद्याचे पुस्तक उघडले.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या १५ व्या कलमानुसार वीस वर्षे शांततेने, उघडपणे, अखंड आणि 'हक्क म्हणून' वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळतो. सारी मेख 'हक्क म्हणून' या दोन शब्दांत आहे. जो विचारून जातो तो मालकाचाच हक्क मान्य करतो. त्याला मिळते ती ५२ व्या कलमातील परवानगी, म्हणजे लायसन्स. आणि तसे काही खास कारण नसेल तर मालक ती केव्हाही काढून घेऊ शकतो. शिवाय वहिवाट ही स्वतःच्या जमिनीच्या उपभोगासाठी असते. ती शेजारच्या शेतकऱ्याला मिळू शकेल, विद्यानगरच्या भाडेकरूला नाही. माथ्यावरच्या देवीला पिढ्यान्‌पिढ्या जाणारे गावकरी १८ व्या कलमातील रूढीचा आधार घेऊ शकतात. आमच्याजवळ तीही नाही. राहिला देखावा. उजेड अडवला तर दाद मागता येते, देखावा अडवला तर नाही, हे इंग्लंडमध्ये १६१० सालच्या ऑल्ड्रेडच्या खटल्यातच सांगितले गेले.

वाचकहो, हा केवळ परीक्षेपुरता प्रश्न राहिला नाही. यंदा पुन्हा गेलो तेव्हा ते वृद्ध गृहस्थ हयात नव्हते. टेकडी खडीसाठी द्यायची बोलणी चालू असल्याचे त्यांच्या मुलाने सांगितले. हरकत घ्यायला आम्ही कोण? पुस्तकात आमच्यासाठी एकही कलम नव्हते.

तरीही एक मार्ग उरतो. हैदराबादचे खडक वाचवण्यासाठी 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' ही संस्था १९९६ साली निघाली, आणि येथील नऊ शिलासमूहांना वारसा यादीत स्थान मिळाले होते. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातील 'मशरूम रॉक' त्यांपैकीच एक. एकट्या फिरस्त्याला जे मागता येत नाही, ते समाजाला मागता येते.

मुलाने आम्हाला आणखी एकदा वर जाऊ दिले. अर्थात, विचारल्यावरच. अंधार पडण्यापूर्वी आम्ही उतरलो.