ओढणारी गाडी, ढकलणारी गाडी

भाच्या, तू परवा मोबाइलवर दाखवलेली सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस मी नीट पाहिली. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. तू विचारलंस, "मामा, घेऊ का?" आणि मी गप्प राहिलो, कारण हो किंवा नाही एवढ्यावर ते उत्तर संपत नाही. बत्तीस वर्षं गाडी चालवून मी घर चालवलं. आधी मुंबईत काळी-पिवळी, मग बंदरात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे. त्यात जे हाताला लागलं ते सांगतो, नीट ऐक.

कंपनी कुठली आणि हॉर्सपॉवर किती, हे नंतर विचार. आधी एवढंच विचार, की गाडीला पुढची चाकं ओढतात की मागची ढकलतात? बैल छकडा पुढून ओढतो. हातगाडी आपण मागून ढकलतो. हातगाडी ओल्या उतारावर वळवताना मागून जरा जास्त जोर लागला की ती आडवी होते, हे तू बाजारात पाहिलं आहेस. मोटारीचंही तेच आहे.

आमच्या काळात सगळ्या गाड्या ढकलणाऱ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, अँबेसेडर, कॉन्टेसा, सगळ्यांचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मधून लांबच्या लांब शाफ्ट जायचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ओढणारी गाडी घरोघरी झाली. इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढेच बसवलं, शाफ्ट गेला, वजन उतरलं, किंमत उतरली, मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला सपाट जागा मिळाली. आज तुझ्या पिढीची जवळजवळ प्रत्येक साधी कार ओढणारी आहे. तुझी ऑक्टाव्हियासुद्धा.

ढकलणारी गाडी कशी फसवते ते मी वाशीच्या खाडीपुलावर शिकलो. १९८६ चा जून, पहिला पाऊस, रात्रीची वेळ. रिकामी पद्मिनी घेऊन घरी येत होतो. मागे माणूस नाही, डिकीत सामान नाही, म्हणजे ज्या चाकांनी ढकलायचं त्यांच्यावरच वजन नाही. पुलाच्या जॉइंटची लोखंडी पट्टी ओली होती. पुढचा ट्रक थांबला, मी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडीचं शेपूट डावीकडे निघालं. काचेतून समोरचा रस्ता दिसायचा तिथे पलीकडचा कठडा दिसायला लागला. मला गाडी शिकवणाऱ्या उस्तादांचं एक वाक्य तेवढं आठवलं: शेपूट जिकडे जाईल तिकडे हँडल, आणि पाय वर. पाय काढला, हँडल डावीकडे दिलं, गाडी दोनदा डुलली आणि सरळ झाली. दुसऱ्या दिवशी डिकीत वाळूची गोणी टाकली, ती गणपतीपर्यंत तिथेच होती.

ओढणारी गाडी उलटी फसवते. वळणावर वेगात शिरलास की तिचं नाक सरळच जातं. तू हँडल आणखी फिरवतोस, ती आणखी ऐकत नाही. पुढच्या त्याच दोन टायरना गाडी ओढायचीही आहे आणि वळवायचीही आहे. दोन्ही कामं एकदम मागितलीस तर एकही होत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोड, हँडल किंचित सरळ कर, टायरला पकड मिळू दे आणि मग वळव. पाय झटक्यात उचलू नको. वजन एकदम पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि ओढणारी गाडीसुद्धा शेपूट फिरवते. तू बघतो आहेस त्या गाडीत २३० हॉर्सपॉवर पुढच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरते. ओल्यात जोरात पाय दिलास तर हँडल हाताला झटका देतं. त्या वेळी ते दोन्ही हातांत हवं, एका हातात मोबाइल नको.

बंदराकडचा, दास्तान फाट्याजवळचा रस्ता तर तुला माहीतच आहे. कंटेनरच्या ट्रेलरांचं डिझेल आणि ऑइल वर्षभर त्यावर सांडतं, मातीत मुरतं आणि पहिल्या दोन-तीन सरींत वर येतं. त्या दिवसांत पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट ठेव. ब्रेक लावायची वेळ आलीच, तर आमच्यासारखा पंप करत बसू नको. आम्ही पंप करायचो कारण आमच्या गाड्यांना एबीएस नव्हतं. तुझ्या गाडीला आहे. पूर्ण दाब, पायाखाली थरथरेल, घाबरून सोडू नको आणि हँडल फिरवत राहा.

घाटाचंही सांगून ठेवतो. आपली जुनी इनोव्हा आणि क्रिस्टा ढकलणारी, २०२२ ला आलेली हायक्रॉस ओढणारी. सात माणसं आणि लग्नाचं सामान भरून ओला चढ चढताना वजन मागे जातं. ढकलणाऱ्या गाडीची चाकं त्याने दाबली जातात आणि पकडतात. ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं हलकी होऊन जागेवर फिरतात. कधी चिखलाच्या चढावर ओढणारी गाडी अडली, तर मागे मोकळी जागा बघून तिला रिव्हर्समध्ये वर घे. तेव्हा वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं आणि गाडी निघते. हे मी पाहुण्यांच्या गावी तीनदा केलं आहे.

टायरच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नको. दोनच नवे टायर घेतलेस तर तो म्हणेल पुढे लावू, पुढचे लवकर झिजतात. झिजतात हे खरं, पण नवे टायर मागेच लाव, गाडी ओढणारी असली तरी. पाण्यावर पुढचे टायर घसरले तर हाताला कळतं, वेग कमी करता येतो. मागचे घसरले तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी जुना रबर कडक होतो, ओल्यात पकडत नाही.

आरएससारख्या गाड्या बंद झाल्याचं तुला वाईट वाटतं. मलाही वाटतं, पण का झाल्या ते समजून घे. पहिली ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे २००४ ला आली, दीडशे हॉर्सपॉवरची. २०२० ला शेवटच्या आरएस २४५ देशभरासाठी फक्त दोनशे होत्या. साधी ऑक्टाव्हिया आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जायची, तीही २०२३ ला थांबली. रांजणगावची लिनिया टी-जेट गेली, सिव्हिक दोनदा आली आणि दोनदा गेली. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कर कमी, म्हणून लांब सेडान महाग पडत गेली. लोकांना स्पीडब्रेकरवर पोट न घासणारी उंच गाडी हवी झाली. मग २०२३ च्या एप्रिलपासून धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजायचा नियम आला आणि शंभर-दोनशे गाड्यांसाठी इंजिन नव्याने बसवणं कुणाला परवडेना. ऑस्ट्रेलियात तर मागच्या चाकांची फाल्कन २०१६ ला आणि कमोडोर २०१७ ला संपली. पुढे कमोडोरचं नाव पुढच्या चाकांच्या आयात गाडीला लावलं, लोकांनी ती फारशी घेतली नाही आणि २०२० ला ती विकणारा ब्रँडच बंद झाला. आपल्याकडे २०२५ च्या ऑक्टोबरात आरएस पुन्हा आली, पण बाहेरून तयार आणलेल्या शंभरच गाड्या, पन्नास लाखांच्या घरात.

मागची चाकं मात्र परत आली आहेत. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्यांची मोटर मागच्या चाकांवर आहे. लांब शाफ्ट लागत नाही, बॅटरीचं वजन तळाशी, आणि पाय दिला की ताकद त्याच क्षणी. त्यामुळे पद्मिनीवर शिकलेलं तुझ्याही कामाला येईल.

आता तुझ्या गाडीकडे येतो. बंद झालेल्या मॉडेलची गाडी घेताना आधी पार्टचं बघ. ऑक्टाव्हियाचे बरेच पार्ट सुपर्ब आणि फोक्सवॅगनशी जुळतात, हे बरं आहे. फक्त आरएसचे म्हणून जे वेगळे आहेत, म्हणजे बंपर, ब्रेक, चाकं, त्यांची किंमत आणि किती दिवसांत येतात ते लेखी विचारून घे. मोकळ्या मैदानात हँडल पूर्ण फिरवून हळू गोल चक्कर मार. टक-टक आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलाय. खाली वाकून रबरी बूट फाटलाय का आणि ग्रीस उडालंय का बघ. (कधी ढकलणारी घेतलीस तर रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाक. धाडकन दणका बसला तर शाफ्टचा क्रॉस ढिला आहे.) सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. आतल्या टोकाला मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे, पुढे बोलूच नको. आणि आपण खाडीकाठचे, मिठाचा वारा खाणारे. लिफ्टवर घेऊन पत्र्याचा खालचा गंज बघितल्याशिवाय बयाणा देऊ नको.

एक गोष्ट तुझ्या आईसमोर बोललो नाही. पैसा कुठून काढणार आहेस? १९८४ च्या जानेवारीत, सरकारने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे आपलं गाव रस्त्यावर उतरलं. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. मी तेव्हा मुंबईत धंद्यावर होतो, तुझे आजोबा दास्तान फाट्यावर होते. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट त्या रक्तातून आलाय. आपल्या आळीत तो विकून घेतलेल्या किती गाड्या आज पंक्चर होऊन उभ्या आहेत ते तू रोज बघतोस. पगारातून हप्ता निघत असेल आणि वर्षाच्या विम्यासाठी आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला पडत असेल, तर घे, मी आनंदाने पेढे वाटेन. प्लॉटला हात लावून घ्यायची असेल, तर माझं उत्तर "नाही" असंच आहे.

घेणार असशील तर रविवारी जाऊ. सकाळी सातला. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग, की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिनचा पहिला आवाज मला ऐकायचा आहे.