धबधबा बघच, पण जंगल चुकवू नकोस

अगं, तुझा आवाज ऐकूनच कळलं, तू पार दमलीस. मुलांना 'बाहुबली'चा धबधबा बघायचाय, सासूबाईंचे गुडघे दुखतायत आणि सगळी तयारी तुझ्या एकटीच्या गळ्यात. बस जरा, चहा घे. केरळातल्या अतिरप्पिल्लीला मी दोनदा जाऊन आलेय, तेव्हा माझं ऐक.

आधी मुलांना एक सांगून ठेव. सिनेमात प्रभास चढतो तो आभाळाला टेकलेला कडा तिथे नाही. तो संगणकावर वाढवलाय. खरा धबधबा साधारण 80 फुटांचा. पण बघ, चालकुडी नदी रुंद पसरून एकदम खाली कोसळते ना, तेव्हा तुषारांनी तोंड भिजतं आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मुलं उंची विचारायचीसुद्धा नाहीत. आणि सासूबाईंना सांग, लतादीदींच्या 'जिया जले'मधला धबधबा हाच. त्या खूश होतील.

आता प्रवासाचं आणि गुडघ्यांचं. कोकण रेल्वेने त्रिशूर गाठा, पुढे चालकुडी गावावरून गाडीने तास-दीड तास. धबधब्याच्या तळाशी जाणारी वाट उताराची आहे. उतरताना काही वाटत नाही, चढताना जीव जातो. सासूबाईंना वरच सावलीत बसव, नदी तिथूनही छान दिसते. त्यांच्याजवळ कुणी थांबायचं ते आधीच ठरव, म्हणजे ऐनवेळी रुसवेफुगवे नकोत. पाण्यात मात्र कुणालाही उतरू देऊ नकोस. वरच्या अंगाला धरण आहे, पाणी कधी वाढेल याचा नेम नाही.

पावसाळ्यात गेलीस तर जळवा असणारच. घाबरू नकोस गं. लांब मोजे पँटवर चढव, पुरचुंडीत मीठ ठेव. जळू चिकटलीच तर ओढू नको, नखाने हळूच सरकवून सोडव. रक्त थोडा वेळ वाहतं, पण ते थांबतं. आणि खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नकोस, माकडं टपलेलीच असतात.

खरं सांगू का, पहिल्या खेपेला मी चुकले. अख्खा दिवस सिनेमातली जागा शोधण्यात आणि मुलांना तिथे उभं करून फोटो काढण्यात घालवला. धाकटी दमून रडकुंडीला आली आणि पुढचं वाझचालचं जंगल बघायचं राहूनच गेलं. त्याची हळहळ वाटत राहिली.

दुसऱ्या खेपेला वाझचालच्या रस्त्यावर गाडी थांबवून आम्ही नुसतेच उभे राहिलो. थोड्या वेळाने डोक्यावरून लोहाराचा भाता चालावा तसा आवाज आला. वर बघितलं तर मोठा धनेश! पिवळी जाडजूड चोच, तिच्यावर शिरस्त्राणासारखं शिंग. या जंगलात धनेशाच्या चार जाती आहेत. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. तो मेला तर आतलं अख्खं घर उपाशी. हे ऐकून माझी धाकटी इतकी गप्प झाली की काय सांगू!

आणि या ढोल्या राखतं कोण, माहीत आहे? तिथले काडर आदिवासी. एके काळी पिल्लं काढून नेणाऱ्यांतलेच काही जण आता वन खात्यासाठी घरट्यांवर लक्ष ठेवतात. याच चालकुडी नदीवर 163 मेगावॅटचा वीजप्रकल्प व्हायचा होता. काडरांनी आणि नदीप्रेमींनी वर्षानुवर्षं विरोध केला, म्हणून आज तू तिथे जाऊ शकतेस. शूटिंगवाले काम संपवून निघून गेले. जंगल सांभाळलं ते या माणसांनी.

म्हणून माझं एवढं ऐक. धबधब्याला सकाळ दे आणि उरलेला दिवस वाझचालला. फोटो दोन-चारच काढ. डब्याचे कागद, बिस्किटांचे पुडे सगळं पिशवीत भरून परत आण. बाकी काळजी करू नकोस. घरच्या चार माणसांचं वेळापत्रक रोज सांभाळणारी तू, तुला हे एका दिवसाचं काय जड आहे? जा, आणि मोठा धनेश दिसला की आधी मला फोन कर.