सोन्याच्या तोलाची लोकर

प्रश्न : ऑस्ट्रेलियात सर्वांत तलम मेरिनो लोकर काढणाऱ्या मेंढपाळाला लोकरीच्या वजनाइतकं सोनं देतात, हे खरं का? आणि हातात घेतली तर सगळीच मऊ लागणारी लोकर, तिच्यात पहिला नंबर ठरवतात तरी कसा?
(एक वाचक, सांगोला)

उत्तर : खरं आहे. झेन्या ही इटलीतली कापड गिरणी 1963 पासून ऑस्ट्रेलियातल्या लोकर उत्पादकांना बक्षिसं देत आली आहे. त्यातलं सोन्याचं बक्षीस 2002 साली सुरू झालं. त्याचं नाव ‘वेल्लुस आउरेउम’, म्हणजे लॅटिनमध्ये सोनेरी लोकर. 13.9 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक तंतूची लोकरच त्यात उतरू शकते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज करा.

पण नुसत्या बारीकपणावर नंबर लागत नाही. मेंढी उपाशी राहिली की तिची लोकर आपोआप बारीक होते. दुष्काळात चारा आटला की तंतूही आटतो. अशा लोकरीला तिकडचे लोक ‘भुकेची तलमता’ म्हणतात. ती दिसायला सुरेख असते, पण ओढली की तटकन तुटते. वर्षभरात महिनाभर जरी मेंढीचे हाल झाले, आजारपण आलं, तरी तंतूची तेवढीच जागा कच्ची राहते. पिंजताना तो नेमका तिथेच तुटतो. म्हणून लोकरीची बट यंत्रात धरून, ती तुटायला किती जोर लागतो ते मोजतात. जाडी लेसरच्या यंत्रावर मोजतात, आणि सगळे तंतू सारख्या जाडीचे आहेत का तेही पाहतात. धुतल्यावर चरबी, माती, गवताची कुसळं जाऊन निव्वळ लोकर किती उरते, याचाही हिशेब असतो.

तरी परीक्षकाची बोटं लागतातच. तो बट उलगडून तिची नागमोडी वळणं, पांढरेपणा आणि झळाळी पाहतो.

मला स्वतःला या स्पर्धेत सर्वांत मोलाची वाटते ती वर्षभराची राखण. न्यू साउथ वेल्सचं पठार असो की टास्मानिया, तिथले काही मेंढपाळ लोकरीत धूळ-कुसळं शिरू नयेत म्हणून मेंढ्यांच्या अंगावर कापडी झूल चढवतात. काहीजण तर निवडक मेंढ्या छपराखाली ठेवून मापून चारा देतात. चारा जास्त झाला की तंतू जाड होतो, कमी पडला की कच्चा. या दोन्हींच्या मधली वाट बारा महिने सांभाळायची, तेव्हा कुठे एका कातरणीची लोकर टेबलावर येते.

तुम्ही सांगोल्याचे, म्हणून एक सांगावंसं वाटतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, केसाळ. मेरिनोच्या मापाने ती पहिल्याच चाळणीत बाद होईल. पण सणगर मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन जी घोंगडी करतो, तिला हीच राठ लोकर लागते. धनगर ती पावसात डोक्यावरून घेतो, रात्री खडकावर अंथरतो. दहा-बारा मायक्रॉनची लोकर त्या कामाला चार दिवसही टिकणार नाही.