मोठ्या पैजेपुढचा प्रश्न
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कौरवसभेतील द्यूताची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. युधिष्ठिर हरत गेला आणि पणाला लावायच्या वस्तू मोठ्या होत गेल्या. परंतु फाशांच्या खेळात समोरच्याच्या मनात शिरण्याला फारसा वाव नसतो. पोकर हा पत्त्यांचा खेळ तसा नव्हे. तेथे पैज लावणाऱ्याइतकाच विचार पैजेला उत्तर देणाऱ्यालाही करावा लागतो. म्हणूनच गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली खेळांच्या सिद्धान्ताचा पाया घातला आणि १९४४ साली मॉर्गेनस्टर्न यांच्यासह आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात पोकरला स्वतंत्र स्थान दिले.

आपण एकच प्रसंग घेऊ. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेले पत्ते आहेत आणि मध्ये पाच उघडे : बदामची राणी, नऊ व चार, इस्पिकची सत्ती, किलवरची दुर्री. आपल्या हाती बदामचा एक्का आणि किलवरची राणी, म्हणजे राण्यांची जोडी. पॉटमध्ये १०० रुपये जमले आहेत. शेवटच्या फेरीत प्रतिस्पर्धी एकदम ३०० रुपये लावतो. पॉटपेक्षा मोठ्या अशा पैजेला ओव्हरबेट म्हणतात. खेळ ऑनलाइन असल्यामुळे त्याचा चेहरा दिसत नाही, हात थरथरतो का ते कळत नाही, आणि पडद्यावर घड्याळ उलटे धावत असते. कॉल करावा की पत्ते टाकावेत?

पहिली पायरी साध्या अंकगणिताची. आपण ३०० घालून एकूण ७०० च्या पॉटसाठी लढणार. ३०० भागिले ७०० म्हणजे सुमारे ४३ टक्के. शंभरांतील त्रेचाळीस वेळा आपण जिंकत असू, तर कॉल तोट्याचा नाही. पैज ५० ची असती तर २५ टक्के पुरले असते, १०० ची असती तर ३३ टक्के. पैज १,००० ची झाली तरी ४८ टक्क्यांच्या आतच लागतात. पैज कितीही वाढवा, ही मर्यादा ५० टक्क्यांना कधीच पोहोचत नाही. मोठा आकडा पाहून छाती दडपते, परंतु गणित तितके दडपत नाही.

दुसरी पायरी : एवढी पैज कोण लावतो? मध्यम पत्त्यांचा माणूस सहसा लावत नाही. लावतो तो एक तर फार बलवान हाताचा, नाही तर हूल देणारा. आपली राण्यांची जोडी हुलीला हरवते आणि बलवान हाताला हरते. तेव्हा प्रश्न आपल्या जोडीच्या थोरवीचा राहत नाही. दर सात पैजांत त्याच्या हुली तीन आहेत की कमी, एवढाच तो उरतो. बरोबर तीन असतील तर आपले कॉल करणे आणि न करणे सारखेच : चार वेळा ३०० हरलो, तीन वेळा ४०० जिंकलो, दोन्हीकडे १,२००. आपण दरवेळी पत्ते टाकू लागलो तर तो डोळे मिटून हूल देईल. त्याला रोखायचे तर हूल हरवू शकणाऱ्या आपल्या हातांपैकी चौथा हिस्सा तरी कॉल करावा लागतो.

तिसरी पायरी सूक्ष्म आहे. उघड्या पत्त्यांत तीन बदाम आहेत, म्हणून त्याच्याजवळ दोन बदाम असल्यास कलर होतो. उरलेल्या दहा बदामांतून अशा जोड्या ४५ होतात. त्यांपैकी नऊ जोड्यांत एक्का आहे, आणि तो तर आपल्या हाती! उरल्या ३६. हे ऐकून कॉल करण्याचा मोह होतो. परंतु थांबावे. एकटा बदामचा एक्का हाती असलेला खेळाडूच मोठ्या कलरची हूल देण्यास उत्सुक असतो. तो पत्ता आपण अडवला, म्हणजे त्याच्या काही हुलीही अडवल्या. एकच पत्ता दोन्ही पारड्यांत वजन टाकतो.

२०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे लिब्रेटस नावाच्या संगणक-कार्यक्रमाने चार निष्णात खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. पॉटच्या कित्येक पट पैजा हे त्याचे एक हत्यार होते. त्याच्या हुलींचे प्रमाण नेटके होते, म्हणून माणसांना उत्तर सापडेना. सामान्य खेळाडू मात्र यंत्र नसतो. जो आजवर मोठ्या पैजेनंतर नेहमी मोठाच हात दाखवत आला आहे, त्याच्यापुढे पत्ते टाकणे शहाणपणाचे.

सुटीत मित्रांबरोबर बिनपैशांचा डाव खेळताना मी अशा पैजा अनेकदा कॉल केल्या. नंतर प्रामाणिकपणे पाहिले, तेव्हा कळले की मी हिशेब केलाच नव्हता. समोरच्याचे पत्ते पाहायचे होते, एवढेच. काही वेळा जिंकलोही, आणि तेच अधिक घातक ठरले. चुकीचा निर्णय जिंकला की तो आपल्याला बरोबर वाटू लागतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तेव्हा हा अभ्यास कागदावरचाच राहो. परंतु अपुऱ्या माहितीवर, घड्याळाच्या धाकात निर्णय घेण्याचे प्रसंग पत्त्यांबाहेरही येतात. तेव्हा आकड्याच्या आकाराला न घाबरता आणि स्वतःच्या कुतूहलाला न भुलता विचार करता आला, तर हे गणित वाया गेले असे म्हणता येणार नाही.