आधी स्पीकर, मग अ‍ॅम्प

चि. निनाद,

नव्या घरात गाणं ऐकण्यासाठी लहानसा डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं तुझ्या मनात आहे, आणि कोणता घ्यावा हे तू विचारलं आहेस. तू पाठवलेल्या यादीत अ‍ॅम्पची पाच-सहा नावं आहेत, प्रत्येकापुढे वॉटचे आकडे आहेत, आणि स्पीकरपुढे मात्र ‘उरतील त्या पैशांत बघू’ एवढंच लिहिलं आहे. माझं सांगणं नेमकं उलट आहे. ठरवलेल्या रकमेतले चारातले तीन वाटे आधी स्पीकरसाठी बाजूला काढ. अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी घे, आणि तो लहान, डिजिटल असेल तर मुळीच कचरू नकोस. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. घरात कानावर पडणाऱ्या आवाजात कुठल्या वस्तूचा किती वाटा असतो, याचा हिशेब मांडला तर दुसरं उत्तर निघत नाही.

अ‍ॅम्पचं काम एकच: आलेला सिग्नल जसाच्या तसा मोठा करून पुरेशा ताकदीनिशी स्पीकरला देणं. जुन्या, क्लास एबी पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये आउटपुटचे ट्रान्झिस्टर सिग्नलबरोबर कमीजास्त उघडत राहतात, आणि अर्धवट उघडे असताना बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते. त्यासाठी तो जाडजूड हीटसिंक, त्यासाठीच तो किलोकिलोंचा ट्रान्सफॉर्मर. क्लास डीमध्ये, म्हणजे तू ज्याला डिजिटल म्हणतोस त्या अ‍ॅम्पमध्ये, हेच ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतात किंवा पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप होते, चालू राहण्याचा काळ सिग्नलप्रमाणे कमीजास्त होतो, आणि शेवटी कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर ती उघडझाप गाळून फक्त संगीत पुढे सोडतो. पूर्ण ताकदीला या पद्धतीत ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. क्लास बीची कागदावरची कमाल मर्यादाच ७८.५ टक्के आहे, एबी तिच्याही खाली राहतो, आणि घरी आपण ऐकतो तेवढ्या हलक्या आवाजाला तर त्यातली बहुतेक वीज डबा तापवण्यातच जाते. तेव्हा वजन कमी म्हणजे आत माल कमी, हा समज सोडून दे. वजन कमी आहे ते उष्णता कमी आहे म्हणून.

आता वॉट. ‘३०० वॉट अधिक ३०० वॉट’ असे आकडे या लहान डब्यांवर सर्रास छापलेले असतात. ते कुठून येतात हे समजून घे, म्हणजे पुढे कुठल्याही जाहिरातीने तू गोंधळणार नाहीस. तुझ्या यादीतल्या फोसी व्ही३ आणि आयिमा ए०७ या दोन्हींत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही एकच चिप आहे. त्या चिपच्या माहितीपत्रकात ४ ओमच्या भाराला प्रत्येक बाजूस ३१५ वॉट असं लिहिलं आहे, पण ते १० टक्के विकृती धरून, आणि चिपला पन्नासहून जास्त व्होल्ट पुरवले तर. १० टक्के विकृती म्हणजे लहरींची टोकं छाटली गेलेली असतात. असलं गाणं कुणी ऐकत बसणार नाही. तुला मिळणार आहे ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. गुणाकार केलास तर दोन्ही बाजू मिळून १६० वॉट होतात. अ‍ॅडॉप्टर देतो त्याहून जास्त वॉट अ‍ॅम्पला सलग देता येणार नाहीत, हा निसर्गनियम आहे. शिवाय व्होल्टचीही मर्यादा असते: ३२चा वर्ग १०२४, त्याला ८ ओमच्या दुपटीने, म्हणजे १६ने भाग, तर ६४ वॉट येतात. ८ ओमच्या स्पीकरला हा अ‍ॅम्प प्रत्येक बाजूस फार तर एवढेच देईल, खरं तर किंचित कमीच.

आणि तेवढे भरपूर आहेत. बऱ्याच लहान बुकशेल्फ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज. तू दोन-अडीच मीटरवर बसशील. अंतरामुळे काही डेसिबल जातील, दुसऱ्या स्पीकरमुळे काही परत मिळतील, आणि एकेका वॉटला तुझ्या कानाशी ८० ते ८४ डेसिबल येतील. एवढ्या आवाजात खोलीत नीट बोलताही येत नाही. ३२ वॉटला यात आणखी १५ डेसिबलची भर पडते, तेवढी मोकळीक तबल्याच्या थापेच्या क्षणिक उसळीला पुरते. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. ३२ ऐवजी ४८ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घेतलास तर ८ ओमला ६४चे १४४ वॉट होतील, पण कानाला त्यातून साडेतीन डेसिबलच मिळतील. स्पीकर ८४ डेसिबलच्या खालचा असेल, किंवा दिवाणखाना खूप मोठा असेल, तरच तो खर्च सार्थ आहे.

तुझे मित्र म्हणतात की डिजिटल अ‍ॅम्प कर्कश वाजतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण एके काळी तो खरा होता आणि त्याचं कारणही दाखवता येतं. सिंक्लेअर कंपनीने १९६४ साली एक्स-१० नावाचा असा अ‍ॅम्प किटच्या रूपात विकला. त्या काळच्या ट्रान्झिस्टरांना एवढी जलद उघडझाप झेपत नव्हती आणि तो फसला. १९७८ मध्ये सोनीचा टीए-एन८८ आला, पण तोही पायंडा पाडू शकला नाही. आद्या त्रिपाठी यांनी १९९५ मध्ये स्थापन केलेल्या ट्रायपाथ कंपनीच्या चिपांमुळे स्वस्त, लहान अ‍ॅम्पना पहिल्यांदा इभ्रत मिळाली. ती कंपनी २००७ मध्ये बुडाली, वाट मात्र खुली राहिली. खरी अडचण त्या शेवटच्या फिल्टरची होती. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ओममध्ये मोजला जाणारा विरोध, प्रत्येक स्वराला वेगळा असतो आणि फिल्टरचं वागणं त्यावर अवलंबून राहतं. त्यामुळे एकच अ‍ॅम्प एका स्पीकरवर वरच्या पट्टीत दीड-दोन डेसिबल चढा वाजायचा आणि दुसऱ्यावर दबलेला. तानपुऱ्याची जवारी टोचते असं कुणी म्हणत असेल तर त्याचं कारण बहुधा इथे सापडेल. ब्रूनो पुट्झेइस यांनी फिलिप्समध्ये असताना, आणि पुढे हायपेक्स व प्युरिफायमध्ये, फीडबॅक फिल्टरच्या पुढून, म्हणजे स्पीकरच्या टोकाशीच घ्यायची पद्धत पक्की केली, आणि हा दोष जवळजवळ नाहीसा झाला. आता ती सोय स्वस्त अ‍ॅम्पमध्येही मिळते. माहितीपत्रकात ‘पीएफएफबी’ (पोस्ट-फिल्टर फीडबॅक) ही अक्षरं शोध. दोन अ‍ॅम्पमधली आवाजाची एखादी खरी निवड तुला करायची असेल तर ती हीच, आणि यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी दे.

राहिला प्रश्न महागड्या अ‍ॅम्पच्या ‘गोडव्या’चा. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने जानेवारी १९८७च्या अंकात एका चाचणीचा अहवाल छापला होता. साध्या रिसीव्हरपासून अतिशय महाग व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपर्यंतचे नमुने, आवाजाची पातळी काटेकोर सारखी करून आणि कुठला वाजतोय हे न सांगता ऐकवले. ऐकणाऱ्यांत जाणकारही होते, तरी त्यांची उत्तरं नाणं उडवून मिळतील तशीच निघाली. यावर कुणी म्हणेल, ख्याल ऐकून तयार झालेला कान निराळा असतो, त्याला श्रुतीतला फरक कळतो. कळतो हे खरंच आहे. पण श्रुती ही स्वराची उंची, आणि आजचा कुठलाही अ‍ॅम्प स्वराची उंची तसूभरही हलवत नाही. उलट तयार कानाला आणखी एक गोष्ट जाणवते: पाव-अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ असा न जाणवता ‘जास्त भरदार’, ‘जास्त जिवंत’ असा जाणवतो. दुकानात दोन अ‍ॅम्प एकामागून एक लावून ऐकवतात तेव्हा ही पातळी जुळवलेली नसते. जो किंचित मोठा वाजतो तो जिंकतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा रंग खरोखर वेगळा असू शकतो, विशेषतः त्याचं आउटपुट स्पीकरच्या इम्पीडन्सपुढे झुकतं तेव्हा. कुणाला तो रंग आवडला तर माझी तक्रार नाही, पण तो रंग रेकॉर्डिंगमध्ये नव्हता.

याच्या शेजारी आता स्पीकर आणि खोलीचे आकडे ठेव. बरा अ‍ॅम्प अख्ख्या पट्टीत अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो. चांगला स्पीकरही दोन-तीन डेसिबल वरखाली होतो, आणि स्वस्त स्पीकर त्याच्या कितीतरी पुढे जातो. खोलीचं तर विचारू नकोस. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आणि दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास लहर अडकून राहते, आणि तिथे आवाज दहा डेसिबलनेही फुगू शकतो, किंवा तुझी खुर्ची नको त्या जागी असेल तर पार गायब होतो. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मनमध्ये अनेक वर्षं पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. थेट समोर आणि बाजूंनाही सपाट, सारखा आवाज सोडणारे स्पीकर लोकांना पुन्हापुन्हा आवडले, किंमत आणि नाव झाकलेलं असतानाही. आपल्याकडे तर गुळगुळीत टाइल्स, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. गाण्यातला शब्द त्यात चिरफाळून जातो. समोर जाड सतरंजी, खिडकीला घडीदार पडदा, पाठीमागे पुस्तकांनी भरलेलं कपाट, आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यातून ओढून दीड-दोन फूट पुढे: एवढ्याने जो फरक पडतो तो कुठल्याही अ‍ॅम्पने पडणार नाही.

दुरुस्तीचा मुद्दा तुझ्या बाबांनी काढला असेल, आणि तो रास्त आहे. जुना एबी अ‍ॅम्प लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर उघडून नीट करू शकतो. या लहान बोर्डावरची चिप बदलणं तितकं सोपं नाही, ही कमतरता मी लपवत नाही. मात्र पॉवर सप्लाय इथे डब्याबाहेर असतो, आणि अ‍ॅडॉप्टर गेला तर तेवढाच बदलता येतो. तो घेताना बीआयएसचा नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आकडा, त्यावर छापलेला आहे ना ते बघ आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासून घे. २३० व्होल्टशी जोडलेली वस्तू रात्रंदिवस घरात राहणार आहे, तिथे चार पैसे वाचवू नकोस.

उरलेल्या गोष्टी सरळ आहेत. टीव्ही जोडायचा तर ऑप्टिकल इनपुट हवं. रेकॉर्ड प्लेयर जोडायचा तर वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प लागेल, कारण त्याच्या सुईचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो. रात्री हळू आवाजात ऐकणार असशील तर व्हॉल्यूमचं बटण अगदी खाली असताना दोन्ही बाजू सारख्या वाजतात का ते आवर्जून बघ; स्वस्त बटणात एक बाजू आधी जागी होते आणि गायक मधोमध उभा राहत नाही. वायर साधी तांब्याची, दीड स्क्वेअर एमएमची, इलेक्ट्रिकच्या दुकानातली चालेल. आणि एक गोष्ट विसरू नकोस: या अ‍ॅम्पचं काळं टोक जमिनीशी जोडलेलं नसतं, दोन्ही टोकांवर सिग्नल असतो. दोन्ही बाजूंची काळी टोकं एकमेकांना कधीही जोडू नकोस, नाहीतर चिप जाऊ शकते.

स्पीकरची जोडी दुकानात ऐकून, शक्य असल्यास घरी आणून ठरव. ऐकताना तुला पाठ असलेलंच रेकॉर्डिंग लाव. ठरली की तिचे ओम, सेन्सिटिव्हिटी आणि खोलीची लांबी-रुंदी मला कळव. अ‍ॅडॉप्टर ३२ व्होल्टचा की ४८चा, एवढंच मग ठरवायचं राहील. तोवर अ‍ॅम्पची ऑर्डर देऊ नकोस.

तुझा,
मामा